सर्व्हरचा ओटा

बजाजनगरात मोनालीच्या गल्लीतली सगळी रो-हाउसं एकाच मापाची आहेत. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, मागची भिंत मागच्या गल्लीची, नळ कुठून यायचा ते ठरलेलं, मीटरची पेटी कुठे लागायची तेही ठरलेलं. अशा घरात घेणाऱ्याच्या हाती काय उरतं? काहीच नाही, असं वाटत असेल तर त्या गल्लीतून एकदा चालून या. एकाने जिन्याखाली पिठाची गिरणी बसवली आहे. एकीने खिडकीतून शिलाईचं दुकान चालवलं आहे. मोनालीचे वडील कडुबा, तीस वर्षं वाळूजच्या कारखान्यात वेल्डिंग केलेला माणूस, त्यांनी तर गच्चीवर जायला असा लोखंडी जिना केला की दिवसा उचलून भिंतीला लावून टाकावा आणि त्याखाली लेकीची स्कूटी उभी करावी. लांबून लोक बघायला यायचे. कडुबा कुणाला चहा पाजल्याशिवाय जिना दाखवत नसत आणि जिना दाखवल्याशिवाय सोडतही नसत.

अशा घरात वाढलेली मुलगी पुढे सर्व्हरचे डबे बनवायच्या कामाला लागली, यात नवल काही नाही. नवल तिच्या मालकाला वाटायचं.

सर्व्हर म्हणजे कचेरीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा थोरला भाऊ. हा जागा असेल तर बाकीचे जागे. तो टेबलावर बसत नाही, उभ्या लोखंडी मांडणीत, म्हणजे रॅकमध्ये, कपाटातल्या खणासारखा आडवा सरकवतात. जगभरच्या कंपन्यांनी फार पूर्वी ठरवून टाकलं आहे की या रॅकची रुंदी एवढीच असेल, एका खणाची उंची एवढीच असेल आणि स्क्रूची भोकं इतक्याच अंतरावर असतील. त्यामुळे कुणाचाही डबा कुणाच्याही रॅकमध्ये बसतो. अमेरिकेतला असो की वाळूजचा.

"रुंदी त्यांनी ठरवली, उंची त्यांनी ठरवली, भोकंसुद्धा त्यांनीच पाडली," मोनालीचे मालक इंद्रजीत सर दर महिन्याला एकदा तरी वैतागायचे. "आपण काय नुसता रंग द्यायचा का?"

इंद्रजीत सरांच्या वडिलांचा मोटारसायकलीचे पत्र्याचे भाग काढायचा धंदा. पोराने त्याच शेडमध्ये एका कोपऱ्यात सर्व्हर सुरू केले. माणूस मनाने चांगला, पण त्याच्या डोक्यात एक भूत होतं. त्यांना आपलं स्वतःचं, कुणाशी न जुळणारं कपाट काढायचं होतं. त्यात फक्त आपलाच डबा बसेल, दुसऱ्याचा बसणारच नाही. एकदा घेतलं की गिऱ्हाईक कायमचं बांधलं गेलं.

"सर, गिऱ्हाईक बांधून ठेवायला ते काय बैल आहे?" मोनाली म्हणायची. "ठरलेलं माप म्हणजे भिंत सामाईक. त्यांनी काय ठरवलंय ते वाचून झालं की मी काय ठरवायचं राहिलंय ते बघते. पुष्कळ राहिलेलं असतं."

आणि तिने करून दाखवलंही होतं. तिचा पहिला डबा. मापात तसूभर फरक नाही, पण पुढची धूळ अडवणारी जाळी कपाटाच्या दारासारखी बाजूला सरकत बाहेर यायची. स्क्रू नाही, मशीन बंद करणं नाही. झटकली, परत सरकवली. वैजापूरजवळच्या एका जिनिंगने, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याने, ती जाळी बघितली आणि तिथल्या तिथे डबा घेतला. जिनिंगमध्ये हवेत कापसाचे तंतू उडत असतात, कुठल्याही मशीनच्या नाकातोंडात जातात. तिथल्या कचेरीच्या प्रमुख सत्यभामाताई. त्यांनी संचालकांना ठणकावून सांगितलं की परदेशी नाव नको, वाळूजची ही मुलगी आपला कापूस ओळखते.

आणि नेमका तोच डबा बंद पडू लागला.

वर्षभर गुण्यागोविंदाने चालायचा. ऐन कापसाचा हंगाम सुरू झाला, दारात ट्रॅक्टर लागले, की डबा तापायचा आणि स्वतःला वाचवायला स्वतःच बंद व्हायचा. तो बंद म्हणजे वजनकाटा बंद, काटा बंद म्हणजे पावती बंद, आणि पावतीवाचून कुठला शेतकरी कापूस उतरवू देईल? मागच्या वर्षी असं झालं. यंदा दसरा होऊन आठवडा झाला नाही तोच पुन्हा झालं. मागच्या वर्षी दोन इंजिनिअर जाऊन आले होते, त्यांना काही सापडलं नव्हतं. यंदा सत्यभामाताईंनी डबाच वाळूजला पाठवून दिला. चाचणीच्या टेबलावर तो दोन दिवस असा शहाण्यासारखा चालला की इंद्रजीत सर त्याच्याकडे संशयाने बघू लागले.

"ताई, मी तुमच्यासाठी भांडले," सत्यभामाताई फोनवर म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मोनालीला जास्त लागलं. "पण आता संचालक ऐकायचे नायत. लक्ष्मीपूजन झालं की कापसाचा खरा लोट येतो. त्या टायमाला बंद पडला तर डबा परत येईल, आणि माझं तोंड गप होईल ते कायमचं."

इंद्रजीत सरांनीही मग संधी सोडली नाही. हा डबा परत आला तर मापातले सर्व्हर बंद, त्यांचं ते स्वतःचं कपाट सुरू. मोनालीने पुन्हा इलेक्ट्रिक पॅनेलची दारं काढायची, चार वर्षांपूर्वी काढायची तशी. ते हे वाईट वाटून म्हणाले, पण म्हणाले.

मोनालीने डबा उघडला. पंख्याच्या पात्यांवर तांबूस-पिवळी पूड बसली होती, तेलकट, बोटाला चिकटणारी. चाचणीवरचा पोऱ्या म्हणाला गंज. गंज पत्र्यावर येतो, प्लॅस्टिकच्या पात्यावर कसा येईल? दुसरा म्हणाला माती. पण वैजापूरची माती काळी. मोनालीला वाटलं, कापसावर लाल ढेकूण पडतात, त्यांचा चुरा असेल. मग वाटलं, विटभट्टी असेल आसपास. तिला असं काही समजेनासं झालं की जेवण गोड लागत नाही. म्हणजे त्रास होतो असं नाही. उलट, डोळ्यांत एक चमक येते, आणि समोरचा बोलत असला तरी ती दुसरीकडेच बघत असते. रुमालाने तिने एक पातं पुसून घेतलं आणि रुमाल पर्समध्ये टाकून घरी आली.

तो रुमाल आईच्या हाती लागला. आईने मोरीवर साबण लावला आणि ओरडली, "अगं, डब्यातली भाजी सांडली का रुमालावर? बघ, कसा लालभडक झाला!"

मोनाली धावत आली. रुमालावरचा पिवळट डाग साबणाने रक्तासारखा लाल झाला होता. हळदीच्या डागाला साबण लागला की असंच होतं, हे घरातल्या कुणालाही माहीत. मोनालीलाही माहीत होतं. पण सर्व्हरच्या पोटात हळद?

रात्रभर तिने त्याचा छडा लावला, निदान तिला तसं वाटलं. जिनिंगच्या शेजारी मसाल्याचं कांडप असणार. हळद-मिरची कुटत असतील, ती पूड हवेतून कचेरीत येत असेल, आणि हंगामात दारं-खिडक्या उघड्या राहत असल्याने जास्त येत असेल. तसं असेल तर जाळी बदलायला हवी, बारीक करायला हवी. ती इतकी खूश झाली की वडिलांना झोपेतून उठवून सांगितलं. कडुबा डोळे न उघडता म्हणाले, "जाऊन बघ की."

गेली. आधी कांडप शोधू, मग सत्यभामाताईंना सांगू, म्हणून कुणाला फोन केला नाही. शनिवारी सकाळी गंगापूरवरून जाणारी एसटी धरली आणि जिनिंगच्या फाट्यावर उतरली. आजूबाजूला बघितलं. एका बाजूला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. दुसऱ्या बाजूला कांद्याची चाळ. मागे शेत. कांडप नाही, गिरणी नाही, एक साधा वडापावचा गाडासुद्धा नाही. मोनालीचा चेहरा उतरला. एवढा सुंदर तर्क, आणि त्याला टेकायला एक भिंत नाही.

आलोच आहोत तर डबा बघून जाऊ, म्हणून ती आत शिरली. वाळूजहून परत आलेला तो डबा तीन दिवसांपासून पुन्हा कामाला लागला होता. सत्यभामाताई कुठे दिसल्या नाहीत. ती थेट कचेरीमागच्या खोलीत गेली आणि दारातच थांबली.

रॅकमध्ये तिचा डबा होता. त्याच्या तोंडावर, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, झेंडूचा दांडगा हार, दोन पदरी, मध्ये आपट्याची पानं. हार सुकला होता आणि आतल्या पंख्यांनी तो असा ओढून घेतला होता की फुलं जाळीवर चिकटून चपटी झाली होती. जिथे फूल नव्हतं तिथे हळदीकुंकवाची बोटं. वर एक नारळ. नारळाखाली नवाकोरा टॉवेल, घडी न मोडलेला. गावात एखाद्याचा सत्कार करतात तसा मशीनचा सत्कार झाला होता.

मोनालीला हसूच आवरेना. ती दाराची कड धरून हसली.

"कोन हाय?" मागून आवाज आला. काट्यावरचा मुकादम रामकिसन, सत्तरीकडे झुकलेला, पांढऱ्या मिशीत कापसाचे तंतू अडकलेले. मोनालीने कोण ते सांगितलं, तसा म्हातारा पार ओशाळला. "अरे देवा! फोन तर करायचा ना ताय. आमी आवरून ठिवलं असतं."

"आवरून म्हणजे?"

"म्हंजे ह्ये सगळं काढून, वल्या फडक्यानं पुसून. तुमचे सायेब आले व्हते ना मागच्या साली, दोन्ही बाऱ्या लख्ख करून ठिवलं व्हतं. आता धाडलं तवा बी लख्ख पुसून धाडलं. पाहुन्याला घाण दावायची व्हय?"

मोनाली खाली बसली. तिथे खुर्ची होती म्हणून खुर्चीवर, नसती तर जमिनीवर बसली असती. दोन हंगाम. दोन इंजिनिअर. चाचणीचं टेबल. प्रत्येक वेळी या भल्या लोकांनी आजाराचं कारण धुऊन पुसून मगच आजारी माणूस दाखवला होता.

"पण हा इथे कधीपासून आहे?" तिने हाराकडे बोट केलं.

"खंडेनवमीपासून. डबा वाळूजला गेला तवा खुंटीला टांगला, आला तसा पुन्यांदा घातला." रामकिसन अभिमानाने म्हणाला. "मी सोता घालतो. ह्या मशीननं काट्यावरची भांडनं मिटवली ताय. आधी पावती हातानं, एकाचं माप दुसऱ्याला, रोज शिव्या खायाच्या. आता कोनी बोट दावत नाय. मग ह्याला हार घालायचा नाय तर कोनाला? आन घातलेला हार कायमचा काढत नसतेत. लक्ष्मीपूजनाला नवा घालायचा, तवाच जुना उतरायचा."

हा हार ताजा असताना हवा फुलांमधून वाट काढून आत जायची. सुकला, पाकळ्या सुटल्या, जाळीत भरल्या, हळद आत ओढली गेली, की डब्याचा श्वास कोंडायचा. मोनालीने जी जाळी इतक्या हौसेने केली होती, ती कापसासाठी होती. झेंडूचा विचार तिच्या स्वप्नातही आला नव्हता.

"तुमच्या कंपनीत करत नायत का खंडेनवमीला पूजा?" रामकिसनने विचारलं.

"करतात."

"मंग तुमाला म्हाईत पायजे की."

"मी त्या दिवसांत नसते काका. सुट्टी काढते. आमची तयारी असते, आणि दसऱ्याला आम्ही बुद्धलेणीवर जातो. आमचा धम्मचक्राचा दिवस असतो."

रामकिसनने नारळ जरा सारखा केला आणि त्याच सहज आवाजात विचारलं, "तितं फुलं वाहता का नाय?"

"वाहतो ना. पण गळ्यात नाही घालत. समोर, पायाशी ठेवतो. चेहरा मोकळा असतो..."

वाक्य अर्ध्यावरच राहिलं. रामकिसनला वाटलं, बाईला काही आठवलं असेल. मोनाली रॅककडे बघत होती. तिच्या डब्याखाली एक खण रिकामा होता आणि त्यावर साधी कोरी पट्टी लावलेली होती. रॅकमधला खण रिकामा असला की गरम हवा फिरून पुढे येऊ नये म्हणून अशी पट्टी लावतात. हिचीही रुंदी ठरलेली, उंची ठरलेली, भोकं ठरलेली. पण तिचं तोंड कसं असावं याबद्दल, मोनालीला नक्की आठवत होतं, कुणीही कुठेही एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

म्हाताऱ्याला 'हार काढा' म्हणायला तिची जीभ रेटली नाही. परत येताना एसटीत तिने पर्समधल्या बिस्किटाच्या पुड्याच्या मागे चित्र काढलं. सपाट पट्टी, खालची कड बाहेर वळवलेली, कडेला बोटभर उंच काठ. रॅकच्या दाराला लागणार नाही इतकीच पुढे. घरापुढे ओटा असतो तसा सर्व्हरपुढे ओटा. हार त्यात आडवा ठेवायचा. हळदीकुंकू ओट्याच्या दर्शनी कडेला लावायचं. सुकलेल्या पाकळ्या काठाआड पडून राहतील, आणि वर डबा मोकळ्या तोंडाने श्वास घेईल.

सोमवारी तिने इंद्रजीत सरांना सगळं रंगवून सांगितलं. टॉवेलचं सांगताना ती पुन्हा हसली. सर हसले नाहीत. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"एक पाटी लावू," शेवटी ते म्हणाले. "हार घालू नये म्हणून."

"पाटीवरच हार घालतील सर. आणि का घालू नये? त्यांना मशीनचं कौतुक आहे. मशीन आपलं आहे. आपण जागा करून द्यायची."

"तसं नाही..." सरांनी पेपरवेट ठेवला. "मोनाली, आपल्याकडेही चाचणीच्या रॅकला असाच हार असतो. एका दिवसाचा असतो म्हणून मशीन तापत नाही एवढंच."

"मी तर कधी बघितला नाही."

"तू यायच्या आधी काढतो. सगळं झाडून, पुसून. पहिल्या वर्षी मीच सांगितलं होतं सगळ्यांना. तुमच्यात नसतं ना ते. म्हटलं, तुला बरं वाटणार नाही."

मोनालीला राग आला, हे खरं. त्या रागाखाली काहीतरी दुखलंही. चार वर्षं इतकी माणसं आपल्यासाठी गुपचूप झाडू मारत होती आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. आपण आलो की हे लोक आपलं घर आवरून ठेवतात. पाहुण्याला दाखवायला ठेवतात तसं.

"मला विचारायचं होतं सर," ती म्हणाली. "मी पूजा करत नाही. दुसऱ्याने केली तर मला काय होणार आहे? एकदा जरी तो हार बघितला असता तर वैजापूरचं कारण मला पहिल्याच वर्षी कळलं असतं."

सरांनी बिस्किटाचा पुडा ओढून घेतला आणि चित्र बघितलं.

"ही तर कुठल्याही रॅकमध्ये बसेल," ते म्हणाले. "दुसऱ्या कंपनीच्या मशीनखालीसुद्धा."

"बसेल."

"म्हणजे आपण अक्कल लढवायची आणि फायदा त्यांच्या मशीनचा?"

"फायदा गिऱ्हाइकाचा सर. त्याच्याकडे कुणाचंही मशीन असो."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला, पण पत्रा कापायच्या मशीनवरचं दुसरं काम बाजूला सारायला त्यांनीच सांगितलं. काठाची कड पहिल्यांदा फार तीक्ष्ण झाली, बोट कापेल अशी. संध्याकाळी मोनालीने ती पट्टी घरी नेली आणि कडुबांनी हात फिरवून फक्त एवढंच विचारलं, "ह्याला बायाबी हात लावतील ना?" दुसऱ्या दिवशी काठ आत दुमडून गोल केला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी मोनाली वैजापूरला पोचली तेव्हा सत्यभामाताई दारातच उभ्या होत्या. या वेळी फोन करून आली होती, पण सोबत सक्त ताकीद दिली होती की कुणी काहीही आवरायचं नाही. हार तसाच होता, काळपट पडलेला. डबा इतका तापला होता की पत्र्यावर हात ठेववत नव्हता.

पट्टी बसवायला काहीच वेळ लागला नाही, भोकं जिथल्या तिथे. खरी अडचण पुढे होती. रामकिसन नवा हार परडीत घेऊन उभा होता आणि ओट्याकडे बघून मान हलवत होता.

"हितं ठिवायचा? खाली?" तो म्हणाला. "गळ्यात नाय? ताय, तुमी लई कष्ट घेतले, पन ह्ये बरं नाय दिसत. मानाचा हार मानाच्या जागी पायजे."

सत्यभामाताई काही बोलणार होत्या, पण मोनालीने त्यांना डोळ्यांनी थांबवलं. म्हातारा चुकीचं बोलत नव्हता. जगातल्या सगळ्या कंपन्यांनी मिळून भोकांचं अंतर ठरवलं होतं, पण रामकिसनने हार कुठे घालावा हे कुणाला ठरवता येणार होतं? आणि त्याने नाही म्हटलं तर आजपासूनच ताजा हार, मग सुकलेला हार, मग ट्रॅक्टरची रांग आणि परत येणारा डबा.

तिने त्याच्या मिशीकडे बघितलं. तिथे एक तंतू होता.

"काका, चिमूटभर कापूस द्या."

रामकिसनच्या सदऱ्यावर कापसाला तोटा नव्हता. मोनालीने जुना हार एका कोपऱ्यात दोन बोटं वर उचलला, तेवढी जाळी मोकळी झाली. "इथे धरा. नुसता धरा, लावू नका."

त्याने चिमूट जाळीसमोर धरली. तंतू थरथरले, लांबले आणि सटकन त्याच्या बोटांतून सुटून जाळीला जाऊन चिकटले. रामकिसनने दचकून हात मागे घेतला. मग पुन्हा पुढे केला, या वेळी नुसता तळवा.

"वढतंय," तो म्हणाला.

"श्वास घेतोय. तो पुढून श्वास घेतो काका, आणि मागून सोडतो. नाक इथे आहे."

रामकिसन बराच वेळ तळवा तसाच धरून उभा राहिला. आयुष्यभर त्याने कापूस हातात घेऊन त्याचा ओलावा ओळखला होता, आज कापूस त्याला दुसरंच काही सांगत होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलला आणि मोनालीला एकदम वाईट वाटलं, कारण त्याला काय वाटतंय ते तिला दिसलं.

"म्हंजे मीच," तो म्हणाला. "दोन सालं मीच ह्याच्या नाकावर बोचकं ठिवत व्हतो."

"तुम्ही कौतुक केलंत. जागा आम्ही ठेवली नव्हती. ती आमची चूक."

नवा हार घालायला अजून अवकाश होता. मुहूर्त संध्याकाळचा. पण रामकिसनने परडी सत्यभामाताईंच्या हातात दिली, दोन्ही हात पुढे केले आणि जुना हार स्वतःच्या हाताने उतरवला. जाळीतून पाकळ्या खरवडल्या. मग जाळी बाजूला ओढून झटकली, कुणी न सांगता. आतले पंखे एका दमात घुमायला लागले आणि त्यांचा चढा आवाज हळूहळू उतरला. खोलीतली तिन्ही माणसं ते ऐकत उभी राहिली.

त्या हंगामात डबा एकदाही बंद पडला नाही. सत्यभामाताईंनी संचालकांच्या बैठकीत काय ऐकवलं ते त्यांनी मोनालीला फोनवर पुन्हा तसंच ऐकवलं, आणि त्यात दोघींचाही बराच वेळ गेला. उन्हाळ्यात वैजापुरातल्या एका पतसंस्थेने ओट्याची पट्टी मागवली. त्यांचा सर्व्हर परदेशी कंपनीचा होता. पट्टी बसवायला गेलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, तुमचे सर्व्हर पण असे पाहुणचार करणारे असतात का? इंद्रजीत सरांनी त्यानंतर आपल्या त्या बंद कपाटाचा विषय काढला नाही. तो नकाशा अजून त्यांच्या टेबलाखाली आहे, पण त्यावर आता चहाचे कप ठेवतात.

पुढच्या दसऱ्याला मोनाली नेहमीप्रमाणे पांढरी साडी नेसून आईवडिलांबरोबर बुद्धलेणीवर गेली. गर्दीत उभी राहिली, वंदना म्हटली, मूर्तीच्या पायाशी फुलं ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तेव्हा चाचणीच्या खोलीत कुणी नव्हतं. म्हणजे होते, पण सगळे दाराआडून बघत होते, आणि इंद्रजीत सर उगाच फाइल चाळत होते. रॅकमध्ये, डब्याखालच्या ओट्यात, झेंडूचा हार ठेवलेला होता. हळदीची बोटं ओट्याच्या कडेवर. खाली फरशीवर पाकळ्या सांडलेल्या, कुणी झाडल्या नव्हत्या.

मोनालीने जाळीसमोर तळवा धरला. हवा आत जात होती, एकसारखी.

"काढू का?" इंद्रजीत सरांनी मागून विचारलं.

"राहू द्या सर," ती म्हणाली. "हार छान आहे. आणि फरशी मीच झाडते."